कागदामागे बल्ब नसतो

साताऱ्याला आजोळच्या घरी, देवघराशेजारच्या भिंतीवर रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती. चित्र छापीलच, पण पणजीने तिच्या साडीच्या काठावर खरी जर चिकटवली होती आणि दागिन्यांवर टिकल्या. त्या काळी बऱ्याच घरांत हे चालायचं. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि राजवाड्यांतली चित्रकला खिळ्याला टांगता येऊ लागली. मग घरच्या बायकांनी तिच्यावर आपापला हात फिरवला. गेल्या वर्षी मी केलं ते याहून फार निराळं नव्हतं. जर-टिकलीच्या जागी फोटोशॉप आलं आणि लक्ष्मीच्या जागी सतराव्या शतकातली एक डच मुलगी.

ही मुलगी अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. हार्लेमचा चित्रकार योहानेस फेर्स्प्रोंक याने ती 1641 मध्ये रंगवली. फिकट निळा रेशमी झगा, त्यावर सोनेरी पट्ट्या, गळ्यात मोती, हातात शहामृगाच्या पिसांचा पंखा. नाव कुणालाच माहीत नाही. चेहरा असा की, मोठ्यांनी ‘नीट उभी राहा’ म्हणून सांगितलंय आणि ती राहिलीये. मी संगणकावर चित्र मोठं करून बघत होते तेव्हा नववीतली भाची मागे येऊन उभी राहिली. ती के-पॉपची, म्हणजे कोरियन पॉप संगीताची, भक्त आहे. तिच्या खोलीत भिंत दिसत नाही, पोस्टर दिसतात.

“आत्या, हिच्या हातात काय आहे?”

“फॅन.”

“मग तीपण फॅनच असणार ना. लाइटस्टिक दे तिला.”

लाइटस्टिक म्हणजे कॉन्सर्टमध्ये चाहते हातात धरून हलवतात तो दांड्याचा दिवा. विनोद बालिश होता, पण सुटला नाही. त्याआधी मी दोन आठवडे जुन्या चित्रांतल्या राण्यांच्या तोंडी बबलगमचे फुगे देत बसले होते आणि ते जगात सगळ्यांचं करून झालेलं आहे.

आधी हक्कांचं बघून घेतलं. मी पॅकेजिंगच्या धंद्यात आहे, त्यामुळे दुसऱ्याचं चित्र वापरण्याची भीती अंगात मुरलेली आहे. फेर्स्प्रोंकला जाऊन साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली, आणि राइक्सम्युझियम अशा चित्रांच्या मोठ्या फाइल फुकट देतं, विकायच्या कामालाही वापरू देतं. आपल्याकडचं चित्र घ्यायचं तर भारतीय कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं थांबायला हवं. कुठल्या ताऱ्याचा चेहरा डकवायचा विचार मी केलाच नाही. 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांच्या नावाचा, चेहऱ्याचा, आवाजाचा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापर करण्यावर बंदी घातली, त्यात त्यांचं ‘झकास’सुद्धा आलं. झकास! आमच्या घरी तो शब्द पिठल्याला वापरतात. लाइटस्टिकचंही तेच, प्रत्येक ग्रुपची अधिकृत घडण वेगळी आणि ती कंपनीची मालमत्ता. म्हणून मी कुणाचीच नसलेली लाइटस्टिक काढायची ठरवली, एक साधा गोल आणि खाली दांडा. भाचीला हे अजिबात पटलं नाही.

“ही तर सर्दीचं औषध हुंगायची नळी वाटते,” ती म्हणाली.

नमुन्यासाठी तिलाच पंखा धरल्यासारखी उभी करून फोटो काढले. चित्रात उजेड डावीकडून येतो आणि आमच्या हॉलची खिडकी उजवीकडे. फोटो आरशासारखा उलटा केला तर उजेड जागेवर आला, पण उजव्या हाताचा डावा झाला. शेवटी रविवारी सकाळी स्वयंपाकघरातला ओटा रिकामा करून तिथे शूटिंग केलं, आईचा कुकर थांबवून. त्याबद्दल ऐकावं लागलं ते वेगळं.

मधे भाचीने एआयने दोन मिनिटांत होईल म्हणून करून दाखवलं. झालंही. पण त्यात ती मुलगीच बदलली. ओठांच्या कडेला जो किंचित हट्ट आहे तो गेला आणि तिथे जाहिरातीतलं गोड हसू आलं. कॉलरची लेस जवळून पाहिली तर शेवयांसारखी. मला चेहऱ्याला हात लावायचाच नव्हता. म्हणून पंखा हाताने पुसला, त्यामागचा झगा आणि भिंत आजूबाजूच्या रंगांतून पुन्हा भरली आणि लाइटस्टिक ब्रशने रंगवली. ती सुरुवातीला स्टिकरसारखी दिसायची, कारण नव्या वस्तूच्या कडा धारदार होत्या आणि अंग गुळगुळीत. तैलचित्रात कडा विरतात, आणि रंगाखालून कॅनव्हासची वीण जाणवते. चित्राच्या रिकाम्या भिंतीवरून तो पोत उचलून लाइटस्टिकवर पसरला, तेव्हा कुठे ती त्या खोलीत आली.

पण पेटलेली दिसेना. न पेटलेली लाइटस्टिक म्हणजे लॉलीपॉप. पेटवली तर तिचा उजेड बोटांवर, लेसवर, हनुवटीखाली पडायला हवा. मी जांभळा रंग घेतला, खालचं चित्र उजळवणाऱ्या ‘स्क्रीन’ मोडच्या तीन लेयर चढवल्या आणि पडद्यावर ती अशी काही झगझगली की मी स्वतःवरच खूश झाले. त्याच रात्री फाइल तयार केली. ए-3 आकार, 300 डीपीआय, म्हणजे 3508 बाय 4961 पिक्सेल.

दुसऱ्या दिवशी पेठेतल्या एका दुकानात प्रिंट काढली. हातात आलं ते बघून पोटात खड्डा पडला. जांभळा रंग मेला होता, ओल्या जांभळाचा डाग पडून वाळल्यासारखा. झगा राखाडी. वर दुकानातल्या यंत्राने ‘ऑटो करेक्शन’ करून चेहरा गोरा केलेला, तो राग अजून आहे. मी भांडायच्याच तयारीत होते, पण यंत्रावरचा मुलगा शांतपणे म्हणाला, “ताई, करेक्शन बंद करून परत काढतो. पण स्क्रीनवर दिसतं तसं येणार नाही. कागदाच्या मागे बल्ब नसतो.”

परत काढली. चेहरा सुधारला, दिवा विझलेलाच.

त्या मुलाचं म्हणणं शब्दशः खरं होतं. पडदा स्वतः प्रकाश फेकतो; कागद खोलीतला उजेड फक्त परत करतो. पडद्यावरचे काही झगझगीत जांभळे-निळे शाईच्या आवाक्याबाहेरच असतात, मग यंत्र त्यातल्या त्यात जवळचा मळका रंग देतं. त्यात माझ्या मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण वर, त्यामुळे मी सगळं चित्रच गरजेपेक्षा काळपट केलं होतं. पॅकेजिंगमध्ये दहा वर्षं काढून ही चूक. बिस्किटाच्या पुड्याच्या वेळी मी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर रंग कसे येतील त्याचा पडद्यावरचा अंदाज, तपासते, स्वतःच्या चित्राच्या वेळी विसरले.

आठवडाभर फाइल उघडलीच नाही. मग आईने एकदा मूळ फाइल पडद्यावर बघितली आणि म्हणाली, “अगं, ही तर आपली दिव्यावाली बाई.” आमच्या जुन्या घरी कॅलेंडरवर होती ती, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. हे चित्र लोक सर्रास रविवर्म्यांचं समजतात. ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. मुलगी गीता हीच त्यांची मॉडेल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते जलरंगातलं आहे. म्हणजे साधा कागद आणि पाणी! त्यालाही मागे बल्ब नाही.

हळदणकर 1968 मध्ये गेले, म्हणजे 2028 संपेपर्यंत त्या चित्राला हात लावता येणार नाही. बघायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. मी बघत बसले. दिव्याच्या आडोशाची बोटं कडांना लालसर आहेत, उजेड मांसातून आरपार आल्यासारखी. जलरंगात सर्वांत उजळ रंग म्हणजे न रंगवलेला कागद. त्याहून उजळ काही हाती नसतं. ज्योत उजळते ती भोवतीच्या अंधारामुळे, आणि तो अंधार त्यांनी किती हळूहळू चढवलाय. मी लाइटस्टिकमध्ये रंग ओतत सुटले होते. काम बाहेर करायचं होतं.

रात्री दिवे बंद करून भाचीला तिची लाइटस्टिक पेटवून उभं केलं. बोटांच्या कडा लाल. केंद्र जांभळं नव्हतंच, जवळजवळ पांढरं होतं. जांभळा फक्त कडेला आणि हातावर. तिन्ही लेयर उडवल्या. गोलाच्या मध्यभागी कागद कोराच सोडला, कडेला फिकट जांभळी रेघ, बोटांना किंचित लाली. मग भिंत आणि झग्याची डावी बाजू थोडी थोडी काळोखात उतरवली. फेर्स्प्रोंकचा खिडकीचा उजेड मी संध्याकाळकडे ढकलला, त्याची मनातल्या मनात माफी मागितली. भाचीची तक्रार, जांभळं कुठंय? तिच्या जगात त्या रंगाला अर्थ आहे. पण ती तक्रार मी ऐकून घेतली आणि रंग तसाच ठेवला.

कागदाचा घोळ उरला होता. 308 जीएसएमचा (चौरस मीटरला 308 ग्रॅम वजनाचा) कॉटन रॅग, म्हणजे सुती कागद, हातात घेतला की खानदानी वाटतो, म्हणून मी तोच हट्टाने मागितला. पण तो मॅट, म्हणजे बिनचमकीचा, आणि अशा कागदावर काळा पुरेसा खोल जात नाही, आणि माझा दिवा तर अंधारावर पेटलेला. या वेळी दुसऱ्या, आर्काइव्हल पिगमेंट (लवकर न उडणाऱ्या) शाईवाल्या छापखान्यात गेले. तिथल्या प्रिंटना लोक कौतुकाने ‘जिक्ले’ म्हणतात. 1991 मध्ये अमेरिकेतल्या जॅक ड्यूगन नावाच्या छपाईवाल्याने इंकजेट हा शब्द कलेला शोभत नाही म्हणून फ्रेंचमधून काढलेलं हे नाव, मूळ अर्थ पिचकारी उडवणे. एकाच फाइलच्या चार-चार इंचांच्या पट्ट्या तीन कागदांवर काढून घेतल्या आणि दारात उन्हात, ट्यूबलाइटखाली, घरच्या पिवळ्या दिव्याखाली धरून बघितल्या. तिघांतल्या बराइटा नावाच्या फोटो कागदाने बाजी मारली. थोडी चमक आहे, पण काळा खरा काळा.

वीस प्रती काढल्या. पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, उजवीकडे सही. फ्रेमवाल्याला काच कागदाला चिकटू देऊ नको, मधे माउंटचा पुठ्ठा ठेव, असं तीनदा सांगितलं. काच टेकलेली असली की पुण्याच्या पावसाळ्यात बुरशीला तेवढं पुरतं. मैत्रिणीच्या गच्चीवरच्या छोट्या प्रदर्शनात सात विकल्या गेल्या. एका आजोबांनी बराच वेळ बघून विचारलं, “गायिका का ही?” त्यांना तो माइक वाटला होता. मी हो म्हटलं असतं तर आठवी खपली असती.

पहिली प्रत भाचीला दिली. तिने पोस्टर सरकवून जागा केली, हे विशेष. मग खोलीतली ट्यूब बंद केली, आपली खरी लाइटस्टिक पेटवून चित्रासमोर धरली आणि मला हाक मारली. त्या उजेडात झगा, मोती, भिंत सगळंच जांभळं झालं होतं, आणि चित्रातला दिवा नेमका कुठे आहे ते मला शोधावं लागलं.

“आता बरोबर रंग आला,” ती म्हणाली.