मोटर दोनदा भरली, दोष तिसरीकडंच

२०१९ चा पूर सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोका पातळी आणि त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. पाणी उतरल्यावर आमच्या इलेक्ट्रिकलच्या धंद्यातल्या लोकांना कित्येक महिने मान वर करायला फुरसत नव्हती, गिरण्यांच्या मोटरी, दुकानांचे बोर्ड, लिफ्टचे पॅनल, जे उघडावं त्यात गाळ. पण जी केस मी अजून नवीन पोरांना सांगतो ती न बुडालेल्या मोटरीची आहे.

भिलवडीच्या अलीकडं नदीकाठाला दहा-बारा शेतकऱ्यांची मिळून एक पाणी योजना, तीस एचपीची मोटर. पाणी वाढायला लागल्यावर यांनी शहाणपणानं मोटर काढून ट्रॅक्टरनं गावात आणून ठेवली होती, तिला पुराचं पाणी लागलंच नाही. पूर ओसरल्यावर परत बसवली, आठ-पंधरा दिवस चालली आणि जळाली. आतलं वायंडिंग, म्हणजे तारेचे वेढे, नव्यानं भरून आणलं, परत चालली, परत जळाली. दुसऱ्या वेळी मोटर भरणारा वायंडर म्हणाला आता भरून देतो पण स्टँपिंग, म्हणजे आतले लोखंडी पत्रे, गेलंय, ही टिकायची नाही, नवीच बघा. ऊस वाळायला लागलेला, संक्रांत जवळ आलेली, वर्गणी तिसऱ्यांदा कुणाकडं मागायची म्हणून योजना बघणारे आबा माझ्याकडं आले. म्हणाले, "नवी घ्यायच्या आधी एकदा तुम्ही बघून सांगा, मग आम्ही मोकळं."

मी कुपवाडहून निघालो, बरोबर दोन पोरं, दोघंही आयटीआय करून अप्रेंटिसला आलेली. एकाच्या हातात नवा डिजिटल इन्सुलेशन टेस्टर, म्हणजे वीज कुठं गळते का ते ओहममध्ये सांगणारा, आकडा जितका मोठा तितकं बरं. माझ्या पिशवीत त्याच कामाचा जुना हातानं फिरवायचा मेगर, तो मी सवयीनं ठेवतो, सेल संपायची भीती नाही. दोन्ही पाचशे व्होल्ट डीसीचे, ४१५ व्होल्टच्या मोटरीला तेवढे बास.

गेल्या गेल्या पोरानं स्टार्टरचं दार उघडलं आणि लीड लावायला निघाला. म्हणलं थांब. शेतीची लाइट पाळीनं येते, आणि यांच्या पॅनलला ऑटोस्विच होता, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप चालू. तुझा हात आत असताना आली तर? आधी मेनस्विच खाली, फ्यूजचे तिन्ही किटकॅट काढून माझ्या खिशात, मग फेज टेस्टरनं तिन्ही फेज मेलेत का ते बघायचं, कपॅसिटरमधला साठलेला चार्ज घालवायचा, मग तो सोडवायचा, आणि मगच मेगर. मेगर लावायच्या आधी त्याच्याच दोन लीड एकमेकीला टेकवून झीरो येतो का आणि सोडल्यावर इन्फिनिटी जातो का हेही बघायचं, तुटलेल्या लीडवर सगळ्या जगाच्या मोटरी चांगल्या दिसतात.

स्टार्टरमधून मोटरीकडं जाणाऱ्या सहाच्या सहा वायरी सोडवल्या आणि मेगर लावला. चाळीस किलोओहम. मेग नाही, किलो. पोरगं लगेच म्हणालं, "सर, वायंडिंग बॉडीला लागलंय." आबांनी कपाळाला हात लावला.

खरी गंमत इथंच आहे. स्टार-डेल्टा स्टार्टर म्हणजे मोटरीकडं दोन केबली जातात, तीन वायरी एकीत, तीन दुसरीत. वरून यू-वनला, म्हणजे वायंडिंगच्या एका टोकाला, लीड लावली की पाचशे व्होल्ट पहिल्या केबलीतून खाली जातात, वायंडिंगमधून फिरतात आणि दुसऱ्या टोकाच्या यू-टूवरून दुसऱ्या केबलीतून परत वर येतात. म्हणजे दोन केबली, मधले जोड, टर्मिनल बॉक्स आणि मोटर, सगळ्यांचं मिळून एकच रीडिंग. त्यात मोटर वाईट की केबल वाईट हे देवालाही कळायचं नाही. आणि आपल्याकडं निम्म्या मोटरी अशा वरून मेगर मारूनच बाद करतात, कारण नदीपर्यंत खाली उतरायचा कंटाळा.

उतरलो खाली. टर्मिनल बॉक्स उघडून सगळे लग काढले, वायरी हवेत मोकळ्या धरल्या. आता नुसत्या मोटरीला मेगर. पोरानं दोन सेकंदात बटण सोडलं आणि आकडा सांगायला लागला, म्हणलं मिनिटभर दाबून धर, घड्याळ बघ. आकडा चढत चढत दोनशे मेगओहमला जाऊन थांबला. आयईईई या इंजिनियरांच्या संस्थेच्या ४३ नंबरच्या स्टँडर्डात असल्या मोटरीला निदान ५ मेगओहम मागतात, तेही चाळीस डिग्रीला धरून. दर दहा डिग्रीला इन्सुलेशन साधारण निम्मं होतं, तेव्हा सकाळच्या वीस डिग्रीतले दोनशे म्हणजे चाळीसला पन्नास धरा. तरी दहापट. ज्या मोटरीला नवी घ्या म्हणत होते ती ठणठणीत.

मग केबली, आता दोन्ही टोकं मोकळी. पहिली ऐंशी मेगओहम. दुसरीतल्या दोन वायरी चांगल्या, तिसरी चाळीस किलो. दोनशे मीटर केबल चार्ज धरून ठेवते, म्हणून टेस्टरवर व्होल्टेज शून्य दिसेपर्यंत लीड काढू दिली नाही.

आता दोनशे मीटर चर खणायचा का? योजनेचं पाणी सोडणारा पाटकरी बाजूला तंबाखू मळत उभा होता, तो म्हणाला, "त्या उंबरापाशी जोड हाय की, जेशीबीनं तोडली व्हती तवा मारलेला." टिकाव मारला तर हातभर खाली जोड. नुसती पट्टी गुंडाळलेली, तीही ओली गच्च, वर पुराचा गाळ बसलेला. पट्टी सोडवत गेलो तशी आतून पांढरी भुकटी पडायला लागली, ॲल्युमिनियम खाऊन गेलेलं, आणि एका बाजूला काळा कोळसा. जोड कापून केबलीचे दोन्ही तुकडे वेगवेगळे मेगर केले, दोन्ही चांगले. म्हणजे दोष तेवढ्या वीतभर जागेत.

मोटर का जळायची तेही मग जुळलं. पाणी दिलं की तिथली माती ओली व्हायची, जोड अर्थ धरायचा, त्या फेजचा फ्यूज उडायचा आणि मोटर दोन फेजवर घुमत राहायची, तापून जळायची. एक फेज गेली की मोटर बंद पाडणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर होता पॅनलला, पण बायपास केलेला. माती वाळली की जोड परत बरा. आधी कुणी सिरीज लँप, म्हणजे दोषातून बल्ब पेटतो का बघायचा दिवा, लावून "केबल ओके" सांगितलं होतं म्हणे. लावणारच ओके. चाळीस किलोओहममधून २३० व्होल्टला जेमतेम सहा मिलिअँपियर जातात आणि साठ वॅटचा बल्ब पेटायला पाव अँपियर लागतो. मल्टिमीटरच्या सेलवरही असल्या दोषाचा भरवसा नाही, म्हणून तर पाचशे व्होल्टचं यंत्र हातात घ्यायचं.

दोन्ही केबलींचे जोड नव्यानं केले, रेझिनचं किट भरून, आणि एका छोट्या चेंबरमध्ये घेतले म्हणजे पुढच्या वेळी उकरायला नको. परत मेगर केला, सगळे आकडे तारखेसकट स्टार्टरच्या दाराला आतून मार्करनं लिहिले. संध्याकाळी लाइट आल्यावर बटण दाबलं, तिन्ही फेजचे अँपियर सारखे.

भांडण झालं ते शेवटी. मी प्रिव्हेंटर जोडायला घेतला तर पाटकरी आडवा आला, "त्यो नगं दादा, लाइट जरा हलली की बंद पाडतो, मग रातच्याला नदीवर मीच यायचं व्हय?" त्याचं अगदीच चुकीचं होतं असं नाही, रात्रीचं त्या काठाला कोण जाणार. पण आबा दोनदा मोटर भरून पोळलेले. त्यांनी त्याच्याकडं न बघताच मला सांगितलं, "जोडा तुम्ही. येतो मी त्याच्यासंगं."