रेंजर सोडला, रानगडी घडवला

आमच्या नागपुरात, धरमपेठेतल्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायचा साहसाचा खेळ) २०१४ च्या नियमांनी चालतं, आणि त्यातला रेंजर, म्हणजे रानातला वाटाड्या-शिकारी, कुणी घ्यायला मागत नाही. लढाईत कमी पडतो ही सगळ्यांची तक्रार. माझं दुखणं वेगळं होतं. आपल्या आवडत्या भूप्रदेशात हा गडी वाट चुकत नाही (जादूनं चकवलं तरच), अवघड वाटेवर टोळीचा वेग घटत नाही, रानात अन्न शोधलं तर दुप्पट मिळतं. म्हणजे जंगल आलं की जंगलाचा खेळच संपला! चकवा, भूक, तंगडतोड, सगळं माफ. एक मित्र वैतागून म्हणाला, "अबे, मग जंगलात येऊन करून काय राह्यलो आपण?"

म्हणून स्वतःच क्लास, म्हणजे पात्राचा नवा प्रकार, लिहायला घेतला. नाव रानगडी. हिट डाय (जीव किती ते ठरवणारा फासा) डी-टेन, म्हणजे दहा बाजूंचा, मध्यम चिलखत, पाचव्या लेव्हलला दुसरा हल्ला, हे रेंजरचंच ठेवलं. मंत्र तेवढे काढले.

डोकं लावलं ते मागावर. पेंचला किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला जंगलात वाघ शोधणाऱ्या जिप्सीतल्या गाइडकडे बघा. चितळ ओरडलं तर तो गाडी थांबवून कान देतो, पण हुरळत नाही. चितळ कशालाही बिचकतं. झाडावरचं वानर खेकसायला लागलं तर त्याचं तोंड कुठं आहे ते बघतो, कारण त्याला वरून दिसत असतं. आणि सांबर ओरडलं की मग मात्र गाडीत कुणी बोलत नाही.

तेच नियमात आणलं. प्रवासाच्या टप्प्याला रानगडी सर्व्हायव्हलचा, म्हणजे रानातल्या कसबाचा, वीस बाजूंचा फासा टाकतो. १० आले तर काहीतरी आहे एवढंच कळतं, १५ ला कोणत्या दिशेला ते, २० ला नेमकं काय ते. दहाच्या आत रान गप्प. उत्तर अपुरं असू शकतं, खोटं कधीच नाही. पुढं वळसा घालायचा की दबा धरायचा, हे टोळीनं भांडून ठरवायचं.

फासा लागला की एक 'माग' खात्यात. लढाईत तो खर्चला की एका हल्ल्याच्या माराला एक डी-सिक्स (सहा बाजूंचा फासा) जास्त. खेळून पाहिलं तर आमचा रानगडी सरायखान्याच्या मोरीतही खुणा शोधायला लागला, बाकीचे जांभया देत बसले. मग माग फक्त प्रवासात मिळेल आणि प्रोफिशियन्सी बोनसपेक्षा (लेव्हलनुसार वाढणारा कसबाचा आकडा) जास्त साठणार नाही, असं ठरवलं. पण पहिल्या चार लेव्हलांना तो बोनस २. रेंजरचा हंटर्स मार्क हा मंत्र मात्र सावजाला लागलेल्या प्रत्येक हल्ल्याला डी-सिक्स देतो, सरासरी साडेतीन. त्यापुढं दोन माग म्हणजे चिल्लर. शेवटी एका मागाचे दोन डी-सिक्स केले, सरासरी सात. आता बरं जमतं.

मूळ खेळातला उन्हाचा नियम मात्र हसून सोडला. १०० फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ३८ सेल्सिअसच्या वर, प्यायला पाणी नसेल तर दर तासाला फासा, हुकला की थकव्याची एक पायरी, सहावीला मरण. आपल्याकडे मे महिन्यात एवढं सकाळीच होते!

सध्या वाद रानकुत्र्यावरून आहे. एकाला तो सोबती म्हणून हवाय. २०१४ च्या बीस्ट मास्टरमध्ये (जनावर सोबतीला घेणारा रेंजर) जनावरानं हल्ला करावा म्हणून धन्यालाच आपली ॲक्शन, म्हणजे त्या पाळीतली चाल, द्यावी लागते, ते मला नको. आणि फुकट हल्ला दिला तर फायटर, म्हणजे निव्वळ लढवय्या, घेतलेला गडी उठून घरी जाईल.