कारल्याखाली पाळलेल्या माश्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या परसातल्या वेलाला १९ कारली धरली. त्यातली आम्ही खाल्ली दोन.

साताऱ्यातलं आमचं घर जुनं आहे. मागे न्हाणीचं पाणी जातं तिथे दहा बाय आठची मोकळी जागा. निवृत्त झालो आणि तिथे चार बांबू रोवले, वरून तारा ओढल्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'फुले ग्रीन गोल्ड' जात लावायची हे आधीच ठरवलं होतं. गडद हिरवी, लांब, काटेरी कारली मला आवडतात, पांढुरकी नाहीत. बी कठीण कवचाचं, म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजवून लावलं. आठवड्यात मोड वर आले.

सव्वा महिन्यात वेल पिवळ्या फुलांनी भरला आणि फळ मात्र एक नाही. रोज सकाळी खाली सडा पडलेला. मी हवालदिल. मग कळलं की आधी येतात ती सगळी नर फुलं. मादी फूल नंतर येतं आणि त्याच्या देठाशी करंगळीच्या पेराएवढं काटेरी कारलं आधीपासूनच असतं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी चहा तसाच टाकून बायकोला बोलवायला पळालो. मधमाश्या कमी दिसल्या, तर सकाळी लवकर नर फूल तोडून मादीच्या तोंडाला लावायचो. "लग्नं लावताय का?" असं ती खिडकीतून विचारायची.

कारली धरली. बोटाएवढी झाली की एका बाजूने वाकायची, अवेळी पिवळी पडायची, गळायची. चिरलं तर आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. फळमाशी! मादी कोवळ्या सालीला भोक पाडून आत अंडी घालते. बाहेरून दिसतो तो फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका. कृषी सेवा केंद्रातून कामगंध सापळा आणून टांगला. चार दिवसांत त्यात बऱ्याच माश्या अडकल्या, मी खूश; कारली तरी गळतच राहिली. त्या वासाला नुसते नर येतात, माद्या आपलं काम चालूच ठेवतात.

शेजारच्या मावशी पंचाहत्तरीच्या. एकदा कुंपणापलीकडून बघत होत्या. मी गळलेली कारली गोळा करून वेलाच्या बुडाशी खड्ड्यात टाकत होतो. खत होईल, या हिशेबाने.

"काय टाकतोयस रे तिथं?"

"किडकी कारली, मावशी."

"मग माश्या तूच पाळतोयस की!"

खरंच होतं. अळी कारल्यातून बाहेर पडते, मातीत शिरून कोष करते आणि माशी होऊन थेट डोक्यावरच्या मांडवात. मी त्यांना खाणं, अंथरूण सगळं एकाच जागी दिलं होतं. पस्तीस वर्षं हिशेबाच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला एवढं दिसू नये!

यंदा पावसाळ्याची वाट पाहिली नाही, फेब्रुवारीतच लावलं. आधी बुडाची माती उकरून उन्हात तापवली. मावशींनी घरच्या चार बियाही दिल्या. गळलेलं, डागाळलेलं प्रत्येक कारलं त्याच दिवशी उचलून प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून पत्र्यावर उन्हात. आणि फूल सुकून कारलं बोटाएवढं झालं की त्यावर वर्तमानपत्राची सैल पिशवी, देठाशी दोरा. मांडव अगदी वाण्याच्या दुकानासारखा दिसायचा. एक वळीव आला आणि निम्म्या पिशव्यांचा लगदा झाला, त्या रात्री टॉर्च घेऊन नव्या बांधल्या.

मेअखेरपर्यंत ४१ कारली उतरवली. काटे टपोरे पण कोवळे असतानाच तोडायचं. चार दिवस राहिलं की बी टणक होतं. पातळ काचऱ्या मला, चिंच-गूळ-तिळाचं पंचामृत बायकोला. मुलगा अजूनही नाक मुरडतो, त्याचा भाग मी खातो.

मावशींच्या वेलावरचं एक बियांसाठी राखलं होतं. ते पिकून केशरी झालं, एका सकाळी खालून उकललं. लालभडक गरातल्या बिया बुलबुलाच्या जोडीने माझ्याआधी पाहिल्या. सात उरल्या. धुऊन, राखेत घोळवून, वाळवून बरणीत भरल्यात. चार मावशींच्या परत करायच्या आहेत.