गुलाबी पुंगळ्यांचा गुन्हेगार सापडला (वेट टम्बलिंग, पुढचा भाग)

सापडलं एकदाचं! मागच्या वेळी सांगितलं होतं, झाडून झालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या परत भरण्याआधी मी वेट टम्बलिंगने धुतो, म्हणजे पाणी, साबण, सायट्रिक ॲसिड आणि स्टेनलेसच्या बारीक पिनांबरोबर फिरत्या ड्रममध्ये, आणि त्या गुलाबी पडत होत्या; त्यानंतर अजून दोन बॅचेस तशाच निघाल्या आणि मी वैतागून कॉर्नकॉबवाला (मक्याच्या कणसाच्या भुशाचा) ड्राय टम्बलर ऑर्डर करायच्या बेतात होतो. खरं तर मला ड्रायकडे परत जायचंच नाहीये, प्रायमरच्या (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या) काजळीत शिसं असतं आणि तो भुसा चाळताना ती धूळ गराजभर उडते, घरात लहान मुलं आहेत.

माझा सगळा संशय सायट्रिक ॲसिडवर होता. आपलं ब्रास (पुंगळ्यांचं पितळ) म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, ॲसिड जास्त झालं की वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि तांबं उरतं, म्हणून रंग तांबूस. आईला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "अरे, पितळी तांब्याला चिंच लावून तासभर विसरलं की तो पण लाल पडतो." मग डोस अर्धा केला, गरम पाण्याऐवजी थंड घेतलं, तीन तासांचे दीड तास केले. तरी गुलाबी. नवीन पिना टाकून बघितल्या, तरी गुलाबीच, थोडा फिका एवढंच.

परवा रात्री पिना मॅग्नेटने उचलत होतो तर पिनांबरोबर दोन पुंगळ्या चिकटून वर आल्या!! पितळी मुलामा दिलेल्या स्टीलच्या पुंगळ्या, बाहेरून अगदी ब्रास, तोंडाशी मुलामा उडून गंज धरलेला. तिथे डोक्यात प्रकाश पडला. सोनार ॲसिडच्या भांड्यात लोखंडी चिमटा घालू देत नाहीत ते याचसाठी, पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडाच्या संगतीने पितळेवर येऊन बसतं. स्टेनलेसच्या पिनांनी तसं होत नाही.

खात्री करायला टम्बलरचं तेच काळं पाणी दोन बरण्यांत घेतलं, दोन्हीत पाच-पाच चांगल्या पुंगळ्या, एकीत एक साधा लोखंडी खिळा. सकाळी खिळेवाल्या बरणीतल्या पुंगळ्या गुलाबी आणि खिळा स्वतः तांब्याचा झालेला, दुसरीतल्या पिवळ्याच. इतका आनंद मला पहिली स्वतः लोड केलेली राउंड (काडतूस) नीट चालली तेव्हा झाला होता.

आधीच्या गुलाबी पुंगळ्या ताज्या पाण्यात नुसत्या साबणावर तासभर फिरवल्या, बहुतेकांचा रंग गेला. ज्या पहिल्या बॅचमध्ये सहा तास ॲसिडात होत्या त्या मात्र स्क्रॅपमध्ये टाकल्या, मला त्यांचा भरवसा वाटत नाही. एका मित्राने अमोनियावालं ब्रास पॉलिश सुचवलं होतं, ते कृपा करून कोणी वापरू नका. इंग्रजांच्या काळात आपल्याकडेच पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची, घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ मध्ये जाऊन कळलं.

आजची बॅच: ३५० पुंगळ्या .२२३ रायफलच्या, सगळ्या आधी मॅग्नेटवरून फिरवल्या, ली कंपनीच्या युनिव्हर्सल डायने डीकॅप केल्या (जुना प्रायमर काढला), पाव चमचा सायट्रिक, थोडा भांड्यांचा साबण, दीड तास. प्रायमर पॉकेट (प्रायमर बसायची खाच) कोपऱ्यापर्यंत पिवळंधमक! इथे अमेरिकेत, फिनिक्सच्या उन्हात टॉवेलवर तासाभरात कोरड्या, डीहायड्रेटर काढावाच लागला नाही.

एकच कटकट राहिलीय, फ्लॅश होलमध्ये (प्रायमरची ठिणगी आत जायच्या भोकात) दोन-दोन पिना अडकतात, आज अकरा पुंगळ्यांत सापडल्या, प्रत्येक उजेडात धरून बघावी लागते. ऑनलाइन घेतलेला स्वस्त सेट आहे, पिनांची लांबी पण सारखी नाही. पुढच्या वेळी पिनांऐवजी स्टेनलेस चिप्स घेणार होतो, पण हे टाइप करताना वाटतंय की आधी सायट्रिक बंद करून कारचा वॉश-अँड-वॅक्स वापरून बघावा, म्हणजे ॲसिडच नाही आणि वॅक्समुळे डाग पण उशिरा पडतील. शनिवारी ५० पुंगळ्यांवर करतो, चिप्स त्यानंतर. कोणी .२२३ साठी चिप्स वापरत असेल तर फ्लॅश होलचं नक्की सांगा.