दोनदा मोजून पाहिलेलं

शनिवार, रात्री

चाकणहून निगडीला यायला आज दीड तास लागला. तळवड्याला सगळं ठप्प. एरवी चिडचिड झाली असती, पण आज बसमध्ये खिडकीला डोकं टेकून एकच विचार करत होते, की ज्या करिअर कोचच्या हातात मी माझी पुढची पंधरा वर्षं देऊ पाहते आहे, त्याला मी काय बघून निवडते आहे?

सतरा वर्षं क्वालिटीत काढली. आमचे पार्ट डिझेल इंजिनाच्या इंधन प्रणालीत जातात. १ एप्रिल २०२० ला गाड्यांच्या धुराचं नवं मानक, बीएस-सहा, लागू झालं, त्याच सुमारास मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, आणि तेव्हापासून आमच्या शॉपफ्लोअरवर एक प्रश्न रोज हवेत असतो. इलेक्ट्रिक गाडीला डिझेल फवारणारा इंजेक्टर लागत नाही. ट्रक-ट्रॅक्टरचं डिझेल अजून बरीच वर्षं चालेल हे मला माहीत आहे. पण गेल्या महिन्यात आमची एक लाइन बंद झाली, तिथली मशिनं प्लॅस्टिकने झाकून ठेवली आहेत, आणि जेवायला जाताना रोज त्यांच्यावरून जावं लागतं.

म्हणून करिअर कोच. पहिला अनुभव वाईट होता. तो इथे नीट लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा तसं होणार नाही. रविवारी सकाळी फुकट वेबिनार, शेवटच्या दहा मिनिटांत ‘आज रात्री बारापर्यंत भरलेत तर निम्मी फी’, आणि मी दिवाळीच्या बोनसमधून अठ्ठेचाळीस हजार एकरकमी भरून मोकळी. हातात काय आलं? चौतीस पानांचा व्यक्तिमत्त्वाचा अहवाल, बायोडेटाचा एक साचा आणि एक व्हॉट्सअॅप ग्रुप. ज्या सरांचं बोलणं ऐकून पैसे भरले ते पुन्हा दिसलेच नाहीत. माझ्याशी बोलायला पंचविशीतली एक मुलगी होती. गोड होती, मनापासून बोलायची, पण तिने कारखाना कधी आतून पाहिला नव्हता. पैसे परत मागितले तर म्हणाले, अहवाल डाउनलोड केलात ना, मग परतावा नाही.

तो अहवाल आज पुन्हा काढला. माझ्या स्वभावाची चार इंग्रजी अक्षरं. दोन वर्षांपूर्वी कंपनीतल्या एका ट्रेनिंगमध्ये हीच चाचणी केली होती, तेव्हाची चार अक्षरं डायरीत सापडली. दोन जुळतात, दोन नाहीत.

आमच्याकडे नवीन गेज, म्हणजे मोजायचं साधन, आलं की त्याच्यावर आधी विश्वास ठेवत नाही. दहा पार्ट घ्यायचे, तीन जणांनी प्रत्येक पार्ट दोन-तीनदा मोजायचा, कोणालाही आधीचं रीडिंग दाखवायचं नाही. यालाच गेज आर अँड आर म्हणतो. मोजमापातलाच फरक तीस टक्क्यांच्या वर गेला तर ते गेज बाजूला. पार्ट चांगला की वाईट हा प्रश्न त्यानंतरचा. माझ्या स्वभावाच्या बाबतीत मात्र एकदा मोजलेलं मी खरं धरून बसले होते. ती चाचणी एका आई-मुलीने तयार केली आणि दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचं शिक्षण घेतलेलं नव्हतं, हे मी पैसे भरल्यावर वाचलं. गप्पांना सुरुवात करायला ती बरी असेलही. नोकरी सोडावी की नाही हे तिच्यावर ठरवायचं नसतं.

बोटांच्या ठशांवरून कल सांगणारे तर याहून पुढे गेलेले. ताईने भाच्याची ती डीएमआयटी चाचणी दहावीनंतर केली होती. तिला कळवायला हवं की इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. उद्या फोन करते.

पुढचा गुरुवार

या आठवड्यात तिघांशी बोलले.

पहिल्यांच्या कार्डावर ‘करिअर कोच आणि रिक्रूटमेंट’ असं दोन्ही. मी विचारलं, तुम्हाला पैसे कोण देतं? म्हणाले, कंपन्याही देतात. मग मला कुठल्या कंपनीत जा म्हणून सांगताना त्यांचं मन कुणाकडे झुकणार? आभार मानून फोन ठेवला.

दुसरे काका. बाबांच्या ओळखीचे, एका मोठ्या कारखान्यात एचआरचे प्रमुख होते, आता निवृत्त. त्यांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला. दीड तास बोलले. बॅटरी पॅक बनवणाऱ्या कोणत्या प्लँटमध्ये क्वालिटीची माणसं हवी असतात, कुठे आमच्यासारख्या जुन्या अनुभवाला किंमत आहे, कुठे नाही, सगळं सांगितलं. ‘मी तुझ्या जागी असतो तर मार्चपर्यंत थांबलो असतो,’ म्हणाले. ऐकताना बरं वाटत होतं. घरी येऊन भाजी चिरताना लक्षात आलं की ते त्यांचं आयुष्य जगून बोलत होते. त्यांच्या घरात संध्याकाळी साडेपाचला दार उघडून शाळेतून आलेल्या मुलीला कुणीतरी घेतच असे. माझ्या घरात ती मीच असते, किंवा सासूबाई. काका मेंटर आहेत, मोलाचे आहेत, मी त्यांना धरून राहणार आहे. पण मला कोच हवा होता तो वेगळ्याच कामासाठी. हा फरक मला आधी कळायला हवा होता. ज्याने तो रस्ता चालून पाहिला आहे, त्याला रस्ता विचारायचा. मन अस्वस्थ असेल, झोप उडाली असेल तर समुपदेशक किंवा डॉक्टर. जागा रिकामी कुठे आहे हे प्लेसमेंटवाल्याला माहीत. आणि माझ्याच डोक्यातला गुंता मला सोडवता यावा म्हणून समोर बसून नीट प्रश्न विचारणारं कुणी हवं असेल, तर कोच. मी पहिल्या वेळी चौघांचं काम एकाकडून मागितलं होतं, आणि समोरच्यानेही सगळ्याला हो म्हटलं.

तिसऱ्या कोथरूडच्या मॅडम. त्यांच्याविषयी सविस्तर लिहायचं आहे, पण आज डोळे मिटतायत.

शुक्रवार

आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कुठला परवाना लागत नाही. उद्या मीही पाटी लावू शकते. म्हणून मॅडमना पहिलं विचारलं, तुमचं शिक्षण कुठलं? त्यांनी इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची मान्यता सांगितली. १९९५ पासून चालत आलेली ही संस्था. तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीला किमान साठ तासांचं प्रशिक्षण आणि शंभर तास प्रत्यक्ष कोचिंग, मधलीला सव्वाशे आणि पाचशे, सर्वात वरचीला दोनशे आणि अडीच हजार. मॅडम मधल्या पायरीवर. नाव संस्थेच्या यादीत घरबसल्या शोधता येतं. मी शोधलं, सापडलं. आधीच्या सरांचं आज शोधलं. नाही सापडलं.

अर्थात आमचा सप्लायरही आयएटीएफचं, म्हणजे वाहन उद्योगातल्या गुणवत्तेचं, प्रमाणपत्र भिंतीवर लावतो आणि तरीही लॉट रिजेक्ट होतोच. म्हणून प्रमाणपत्र बघून झालं की मी मागच्या दाराने रिजेक्शनच्या पेटीकडे जाते. मॅडमना तसंच विचारलं, तुमच्याकडून कुणाला फायदा झाला नाही असं झालंय का?

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, ‘झालंय. एका गृहस्थांना फक्त बायकोला पटवून देईल असं कुणीतरी हवं होतं. तिसऱ्या भेटीला माझ्या लक्षात आलं. पहिल्यालाच यायला हवं होतं.’

हे ऐकलं आणि माझ्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

जुन्या कुणाशी बोलायला मिळेल का विचारलं तर नंबर दिला नाही. ‘त्यांना विचारते, त्यांची इच्छा असेल तर त्या करतील.’ दुसऱ्या दिवशी एका बाईंचा स्वतःहून फोन आला. बँकेतून बाहेर पडून त्या आता शाळेत हिशेब बघतात. मी विचारलं, मॅडमनी सांगितलं का नोकरी सोडा म्हणून? म्हणाल्या, ‘छे हो, चार महिने त्यांनी मला काहीच सांगितलं नाही. मीच बोलत होते.’

बाकीचं चटकन. नोकरी लावून देत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. सहा भेटी, प्रत्येक भेटीनंतर पैसे, मधे थांबायचं असेल तर थांबा. करार दोन पानांचा, त्यात माझं बोलणं कुणाला कळणार नाही हे लिहिलेलं. पहिली अर्ध्या तासाची भेट नुसती सूर जुळतात का बघायला. फी मला जड आहे, पण झेपेल.

त्या अर्ध्या तासातलं एकच इथे लिहिते. त्यांनी विचारलं, ‘गेल्या वर्षभरात कुठलं काम करताना तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाही?’

मला वाटलं मी ऑडिटबद्दल बोलेन. तोंडून निघालं ते वेगळंच. जूनमध्ये डिप्लोमाच्या सहा मुली ट्रेनी म्हणून आल्या. त्यातल्या एकीच्या मायक्रोमीटरचं रीडिंग दरवेळी कमी यायचं. तिच्या शेजारी उभी राहून बघत होते, तर ती थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, घट्ट पिळत होती, टोकाच्या रॅचेटला हातच लावत नव्हती. मी तिचा अंगठा धरून रॅचेटवर ठेवला. ‘फिरव. टिक-टिक-टिक झालं की थांब. तिथून पुढे तुझी ताकद मोजली जाते, पार्ट नाही.’ तिने फिरवलं, तीनदा आवाज आला, रीडिंग बरोबर आलं, आणि ती इतकी हसली की शेजारच्या दोघी आपापले मायक्रोमीटर घेऊन आल्या. त्या दिवशी माझा चहा राहिला, बस चुकली.

मॅडम काही बोलल्या नाहीत. वहीत दोन शब्द लिहिले आणि वही माझ्याकडे फिरवून दाखवली. ‘बस चुकली’ एवढंच लिहिलं होतं.

सहा भेटींतली पहिली पुढच्या शनिवारी अकराला. त्याआधी वर्षभरातले असे आणखी प्रसंग आठवून लिहून न्यायचे आहेत. दोन आठवले आहेत, आणि दोन्हींमध्ये शिकणारं कुणीतरी समोर आहे. सासूबाईंना शनिवारी मुलीच्या क्लासला सोडायला जमेल का, हे सकाळी विचारायचं आहे.