डाव्या भिंतीला थडकून

परवा रात्री एक आंधळा रोबो मला दोन तास छळत होता. आंधळा म्हणजे सेन्सर नसलेला. एका ओळीत 5 चौकोन, रोबो नेमका कुठे आहे हे त्याला माहीत नाही, पोचायचंय तिसऱ्यावर.

माझ्या प्लॅनरने (चालींची योजना शोधणाऱ्या प्रोग्रामने) प्रत्येक चौकोनासाठी वेगळा मार्ग शोधला आणि मी खुशीत लिहून टाकलं, 'याला जमतं.' कसलं जमतं! मार्ग पाच आहेत, पण आपला कुठला हे त्याला कुठे ठाऊक आहे?

तर्कशास्त्रज्ञ यानजिंग वांग यांनी 2015 मध्ये मांडलेलं 'कसं करायचं ते माहीत असणं'चं तर्कशास्त्र नेमकं इथेच बोट ठेवतं. 'प्रत्येक स्थितीत कुठला तरी मार्ग आहे' एवढ्याने भागत नाही. एकच मार्ग सगळ्या स्थितींत चालला पाहिजे. वाक्यातल्या शब्दांची अदलाबदल, पण जमीन-अस्मानाचा फरक.

उत्तर गंमतशीर निघालं: चार वेळा डावीकडे, मग दोनदा उजवीकडे. भिंतीला थडकलं की रोबो जागीच राहतो, म्हणून कुठूनही निघा, आधी डाव्या भिंतीशी पोचता. म्हणजे भिंतीला थडकणं हीच त्याची माहिती.

मग मी उगाच (खोड, दुसरं काय) नियम बदलला: भिंतीला थडकेल असं पाऊल टाकताच येणार नाही. खेळ खलास! पहिल्या चौकोनावर 'डावीकडे' चालत नाही, पाचव्यावर 'उजवीकडे'. सगळीकडून चालेल असं पहिलं पाऊलच उरत नाही. वांग यांच्या व्याख्येत योजना मध्येच अडकता कामा नये, ही अट मला तोवर किरकोळ वाटत होती.