आमची वाटचाल : जुन्नरची उन्हाळी इतिहासशाळा

जुन्नरच्या मुलाला शिवनेरी येता-जाता दिसतो, पण त्याच डोंगराच्या पोटात सातवाहनकाळातली लेणी आहेत हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मला ही गोष्ट फार लागायची. म्हणून मी आणि माझ्या बहिणीने हा छोटा व्यवसाय सुरू केला. मुलं सकाळी सातला येतात, दुपारी जेवून घरी जातात.

पहिल्या उन्हाळ्यात पडवीत आळीतलीच मुलं होती. नुसती माहिती सांगून ती बसत नाहीत, हाताला काम लागतं. पण लेणी म्हणजे संरक्षित स्मारकं. तिथल्या शिलालेखाला खडूसुद्धा लावायचा नाही, आणि तेच योग्य आहे. मग पाथरवटाकडून काळ्या दगडावर ब्राह्मी लिपीतल्या ओळी कोरून घेतल्या. मुलं त्यावर ओला कागद अंथरतात, ब्रशने ठोकून खाचांत बसवतात आणि जरा सुकला की शाईचा बोळा हलक्या हाताने टिपत जातात. कागद काळा होतो, अक्षरं पांढरी उमटतात. अभ्यासक ठसा घेतात तो असाच.

मजकूरही इथल्या लेण्यांमधलाच. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, पाण्याची दोन टाकी दान दिली. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि एक टाकं दिलं. बाजारपेठेत ज्यांचं धान्याचं दुकान आहे, त्यांच्या मुलाने ही ओळ दोनदा उतरवून घेतली, एक घरासाठी आणि एक दुकानात लावायला.

पुढे कागद आला. पेशवाईत जुन्नरी कागदाला मोठी मागणी होती, तर गावच्या मुलांना तो करता यायला नको? जुन्या सुती कापडाचा लगदा करायचा, चाळणीवर उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत गोट्याने घोटायचा. घोटण्यात कसूर झाली की बोरूची शाई फुटते, मोडीतलं नाव वाचता येत नाही. मुलं न सांगता पुन्हा घोटायला बसतात.

नाणेघाटाला दहा वर्षांपुढचीच मुलं नेतो. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात दानाच्या गाई, घोडे, कार्षापण (तेव्हाची नाणी) मोजून दिलेले आहेत. मुलं आधी तक्ता पाहून ते जुने आकडे ओळखायला शिकतात, मग लेण्यात जाऊन शोधतात. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणापाशी कल्याण-सोपाऱ्याहून आलेल्या मालावर जकात वसूल करण्याचा खेळ होतो. जकातदार व्हायला भांडणं ठरलेली!

सुरुवातीला फीमधून खर्चही निघत नव्हता. मे महिन्यात आजोळी आलेली पुण्या-मुंबईची मुलं येऊ लागली तेव्हा बस्तान बसलं. त्याच जोरावर जिल्हा परिषद शाळेच्या मुलांना निम्म्या फीत घेतो. लेण्यांवर आग्या मोहळं असतात, त्यामुळे अत्तर-सेंट लावून येऊ नये, हे पालकांना दरवर्षी बजावतो. मेच्या उन्हात नाणेघाट जड जातो, म्हणून यंदा ती सहल दिवाळीच्या सुट्टीत नेणार आहोत.